चौघांचं तिकीट, चौघांचा हिशोब

उन्हाळ्याच्या सुट्ट्यांचं बुकिंग सुरू झालं की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत आणि मेसेजमध्ये हा विषय हमखास असतोच, पोरांना घेऊन विमानानं जायचंय, स्वस्तातलं तिकीट घेऊ का, आणि घेतलं तर कुठं अडकू. त्यातले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतलेत. नावं दिली नाहीत, नागपुरातला एरिया दिलाय.

प्रश्न: आम्ही चौघं आहोत, मी, नवरा, मुलगी ९ वर्षांची न् मुलगा ४ वर्षांचा. मे महिन्यात बहिणीकडे बंगळुरूला जायचंय. ॲपवर ४,२०० दाखवून राहिलं होतं, चौघांचं टाकलं तर माणशी ४,९०० झालं, आणि पैसे भरायच्या पानावर पोचेपर्यंत सीटचे, जास्तीच्या बॅगेचे, कन्व्हिनियन्स फीचे धरून आणखी पाच हजार वाढले. त्यातून हे सगळ्यात स्वस्त विमान भल्या पहाटेचं आहे. सीटचे पैसे नाही भरले तर पोरगं मागं कुठंतरी अनोळखी माणसांत बसवतील अशी भीती वाटते. काय करावं समजून नाही राहिलं. (मनीषनगर)

उत्तर: ताई, एकेक करून सोडवू, कारण तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत आणि चारही ठिकाणी पैसे वाचण्यासारखे आहेत.

आधी ४,२०० चे ४,९०० कसे झाले ते. विमानातल्या सगळ्या सीटा एका भावाच्या नसतात, थोड्या एका भावात, त्या संपल्या की पुढच्या भावात असं चालतं. तुम्ही चार सीटा मागितल्या आणि स्वस्त भावात दोनच उरल्या असल्या तर सिस्टीम दोन स्वस्त न् दोन महाग असं करून देत नाही, चारही सीटा सरळ वरच्या भावात टाकते. म्हणून सर्च करताना आधी एकाचं, मग दोघांचं, मग चौघांचं टाकून बघा. दोघांपर्यंत ४,२०० च राहत असेल तर दोन वेगळी बुकिंग करता येतात, पहिल्या दोन सीटा जुन्या भावात आणि उरलेल्या दोन वरच्या भावात, म्हणजे जाताना १,४०० वाचले.

पण इथं एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा, तोडायचं तर एका पीएनआरवर, म्हणजे एका बुकिंग नंबरवर, एक मोठं माणूस आणि एक लेकरू असंच तोडायचं. नवरा-बायको एका पीएनआरवर आणि पोरं दुसऱ्यावर असं चुकूनही नको. कारण तुमच्या सीटच्या भीतीवरचा उपाय याच पीएनआरमध्ये आहे. डीजीसीएनं, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, एप्रिल २०२४ मध्ये सगळ्या विमान कंपन्यांना सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला, त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या सोबत सीट द्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. हा नियम तुमच्यासारख्यांसाठीच आहे, पण सीट निवडायच्या पानावर तो कुठं ठळक दिसत नाही, तिथं दिसतात त्या पिवळ्या-निळ्या सीटा आणि त्यांचे भाव, आणि आई म्हटली की ती पैसे भरून मोकळी होते.

तर माझं स्पष्ट मत, सीटचे पैसे भरू नका. बुकिंग करताना पोरांचं वय बरोबर टाका, म्हणजे चाइल्ड म्हणून, खरी जन्मतारीख देऊन, घाईघाईत चारही ॲडल्ट टाकले तर सिस्टीमला कळायचं कसं की यात लेकरं आहेत. वेब चेक-इन, म्हणजे घरूनच ऑनलाइन बोर्डिंग पास काढणं, उघडल्याबरोबर करा, देशातल्या विमानांचं बहुतेक ४८ तास आधी उघडतं, नंतर बसलात तर उरलेल्या विस्कळीत सीटा मिळतात आणि मग काउंटरवर बोलावं लागतं. सीटा फुटून आल्याच तर पैसे भरून बदलू नका, कस्टमर केअरला फोन करा, तेही नाही जमलं तर विमानतळावर थोडं लवकर जाऊन काउंटरवर सांगा की मूल एवढ्या वर्षांचं आहे, पीएनआर एकच आहे. फक्त एक समजून घ्या, नियम 'निदान एका पालकासोबत' एवढंच म्हणतो, चौघं एका ओळीत बसतील असं नाही. मुलगी बाबांसोबत पुढं आणि मुलगा तुमच्यासोबत चार ओळी मागं असं होऊ शकतं, पावणेदोन तासांच्या विमानात ते चालतं. मुलाला खिडकीच हवी असा हट्ट असेल तर एक खिडकी घ्या पैसे देऊन, चार सीटा नको.

आता बॅग. बजेट विमानात दोन वर्षांच्या वरच्या मुलाला मोठ्या माणसाएवढंच तिकीट लागतं, चार वर्षांचं पोरगं असो नाहीतर नवरा असो, सीटचा भाव एकच. मग बॅगेचा हक्कही तेवढाच आहे, हे विसरू नका! नेहमीच्या भाड्यात देशातल्या विमानात माणशी १५ किलोची एक चेक-इन बॅग आणि ७ किलोची एक केबिन बॅग असते, चौघांचे झाले ६० किलो. बहिणीसाठी पापड, कुरडया, सांडगे, संत्र्याची बर्फी सगळं घेतलं तरी एवढं भरत नाही. जास्तीचं वजन विकत घ्यायचं काही कारण नाही. बॅग माणशी एकच धरा, आणि एका बॅगेत सगळं कोंबून नेऊ नका, ३२ किलोच्या वरची एकच बॅग घेतच नाहीत. एका पीएनआरवर असलात तर वजन बहुतेक ठिकाणी एकत्र मोजतात, दोन पीएनआर केले तर प्रत्येकाचं वेगळं, म्हणजे तुम्ही न् मुलगा मिळून ३०, ते दोघं मिळून ३०, हे भरताना बघा. काही कंपन्या 'लाइट' नावाचं भाडं दाखवतात, ते दिसायला सगळ्यात खाली असतं पण त्यात चेक-इन बॅगच नसते, पोरांचे कपडे असलेल्या घराला ते परवडत नाही, मागून बॅग विकत घेतली की नेहमीच्या भाड्याच्या वर जातं.

कन्व्हिनियन्स फी मात्र टळत नाही फारशी, पण ती माणशी आणि जाण्या-येण्याची वेगवेगळी लागते एवढं तरी माहीत असू द्या. समजा फी ३०० आहे, चौघं जाऊन येणार, म्हणजे ३०० गुणिले ८, दोन हजार चारशे. म्हणून दोन वेबसाइटची तुलना पहिल्या पानावरच्या आकड्यावर करायची नाही, दोन्हीकडे चौघांचं जाऊन-येऊन टाकायचं, पैसे भरायच्या शेवटच्या पानापर्यंत जायचं आणि तो आकडा कागदावर लिहायचा. विमा, जेवण, फास्ट चेक-इन याच्या टिका लागलेल्या आहेत का तेही बघा, या गोष्टी तुम्ही मागितल्या तरच द्यायच्या असतात.

राहिलं पहाटेचं विमान. साडेपाचचं विमान म्हणजे साडेतीनला विमानतळावर, पोरांना अडीच-पावणेतीनला उठवायचं, त्या वेळी मेट्रो नसते. मनीषनगरहून सोनेगावचं विमानतळ जवळ आहे म्हणून ते निभेल, पण तिकडचं काय, बंगळुरूचं विमानतळ देवनहळ्ळीकडे, शहराच्या मध्यापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर. सव्वासातला उतरून बॅगा घेऊन बाहेर पडाल तर बरोबर ऑफिसच्या गर्दीत सापडाल आणि बहीण दक्षिणेकडे राहत असेल तर अर्धवट झोपेतली दोन पोरं घेऊन टॅक्सीत दोन तास. दुपारच्या विमानाचा फरक चौघांचा मिळून दोन-तीन हजारांत असेल तर दुपारचंच घ्या, तो पैसा वाया जात नाही. फरक आठ-दहा हजारांचा असेल तर मग पहाटेचं घ्या, आणि त्यातले थोडे तिकडच्या टॅक्सीवर खर्च करा. पोरं नीट जागी असतील न् सामान कमी असेल तर तिथं वायू वज्र बस आहेत विमानतळावरून, त्याही चांगल्या.

आणि जाता जाता, तारीख हलवता येत असेल तर बघा. आपल्या विदर्भात उन्हामुळं राज्य बोर्डाच्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात, बाकी महाराष्ट्रात त्या जूनच्या मध्यालाच सुरू होतात, कर्नाटकात तर त्याहीआधी. म्हणजे जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाकीच्यांची सुट्टी संपलेली असते आणि आपली चालू असते. नागपूरकरांना मिळालेला हा फायदा आहे आणि फार थोडे लोक तो वापरतात, मे महिन्याशी भाव ताडून तरी बघा.

प्रश्न: मुलगी जाताना २३ महिन्यांची असेल, आणि गोव्याहून परत येताना दोन वर्षं पूर्ण होऊन तीन दिवस झालेले असतील. जाऊन-येऊन मांडीवर चालेल का? आणि मांडीवरच्या बाळाचे पैसे कमी लागतात ना? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर: दादा, नाही चालणार. वय बुकिंगच्या दिवशीचं नाही, प्रवासाच्या दिवशीचं धरतात. जाताना ती इन्फंट, म्हणजे दोन वर्षांखालचं मांडीवरचं बाळ, येताना चाइल्ड, आणि तिची स्वतःची सीट लागणारच. तीन दिवसांसाठी कोण बघतं असं म्हणून रिस्क घेऊ नका, परतीच्या काउंटरवर ऐनवेळचं तिकीट त्या दिवशीच्या भावात काढावं लागेल. जायचं आणि यायचं बुकिंग वेगवेगळं करा, जाताना दोन ॲडल्ट एक इन्फंट, येताना दोन ॲडल्ट एक चाइल्ड. किंवा सरळ परतीची तारीख चार दिवस आधीची घ्या, रजा कमी-जास्त होत असेल तर हे सगळ्यात स्वस्त.

पैशाचं म्हणाल तर मांडीवरच्या बाळाला बजेट कंपन्या ठरलेली रक्कम लावतात, साधारण दीड-दोन हजारांच्या घरात धरा. ती रक्कम तिकिटाच्या भावाप्रमाणे खालीवर होत नाही, म्हणून तिकीट सहा हजारांचं असेल तेव्हा मांडीवर घेण्यात मोठा फायदा, पण तिकीट अडीच हजारांचं असेल तर जेमतेम सहा-सातशेचा फरक राहतो. मग मी म्हणेन की सीट घेता येते का ते कंपनीला विचारा. तेवीस महिन्यांचं लेकरू मांडीवर दहा किलोच्या पुढचं झालेलं असतं आणि त्याला तिथं बसायचं पण नसतं. बाळाचा जन्मदाखला किंवा वयाचा दुसरा पुरावा मात्र सोबत पाहिजे, आईवडिलांचं आधार आहे म्हणून भागत नाही, काउंटरवर वय बघतात. स्ट्रोलर बहुतेक कंपन्या फुकट नेतात. दूध, पेज, बाळाचं खाणं सुरक्षा तपासणीतून प्रवासापुरतं नेऊ देतात, डबा उघडून दाखवावा लागेल एवढंच. विमान उतरायला लागलं की बाळाला दूध पाजा किंवा काहीतरी चघळायला द्या, कान दुखायचे थांबतात.

आणि गोव्याचं तिकीट काढताना विमानतळ कोणतं ते बघितलं का? गोव्यात दोन आहेत, उत्तरेला मोपा आणि दक्षिणेकडे वास्कोजवळ दाबोळी. तिकिटावर कोड असतो, जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. हॉटेल मोरजी, मांद्रे, हरमल बाजूला असेल तर मोपा चांगलं, पण कोलवा, बाणावली घेतलं असेल आणि तिकीट मोपाचं स्वस्त दिसलं म्हणून घेतलं तर अख्खा गोवा टॅक्सीनं पार करावा लागेल आणि गोव्यातली टॅक्सी काही स्वस्त नाही. तिकिटात वाचलेले सगळे तिथं जातात. मुंबईचंही आता तसंच आहे, नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं, त्याचा कोड एनएमआय आणि जुन्याचा बीओएम. मामा पनवेलला राहतो की बोरिवलीला त्यावर ठरवा.

प्रश्न: जुळी नातवंडं आहेत, १४ महिन्यांची. सून म्हणते मी एकटी दोघांना घेऊन पुण्याहून येते, तिकीट वाचेल. जमतं का असं? (धरमपेठ)

उत्तर: काकू, नियमानंच नाही जमत. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ. दोन बाळं म्हणजे दोन मोठी माणसं लागतात, तुम्ही किंवा काका जाऊन घेऊन या. तेव्हाही दोघं बाळं घेऊन एका बाजूच्या तीन सीटांत बसता येत नाही, कारण तीन सीटांवर ऑक्सिजनचे मास्क साधारण चारच असतात, तीन बसणाऱ्यांचे आणि एक बाळाचा. म्हणून एकीनं इकडची आणि एकीनं मधल्या वाटेच्या पलीकडची सीट घ्यायची, समोरासमोर हात पोचतो.

रेल्वेचंही सांगते, ५ वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ न घेता रेल्वेत तिकीटच लागत नाही. पुणे-नागपूर रात्रीची गाडी, एसीतले दोन खालचे बर्थ मिळाले तर जुळ्यांसाठी मी विमानापेक्षा ते आधी बघेन. अजनी-पुणे वंदे भारत आहे आता, ऑगस्ट २०२५ पासून, पण ती दिवसाची आहे आणि बारा तास खुर्चीत दोन बाळं सांभाळणं सुनेला जड जाईल.

प्रश्न: नातू १० वर्षांचा, पुण्याला असतो. सुट्टीत त्याला एकट्याला विमानात बसवून द्या म्हणतो मी, इकडं मी उभाच आहे घ्यायला. मुलगा म्हणते तसं देत नाहीत. (मेडिकल चौक)

उत्तर: आजोबा, देतात, पण साधं तिकीट काढून नाही. साधारण ५ ते १२ वर्षांच्या एकट्या मुलासाठी काही कंपन्यांची वेगळी सेवा असते, अनअकम्पनीड मायनर म्हणतात. ॲपवर गुपचूप एका मुलाचं तिकीट काढायला गेलं तर निघत नाही, आधी कंपनीला फोन करावा लागतो, फॉर्म भरावा लागतो, पुण्याला कोण सोडणार आणि नागपूरला कोण घेणार त्यांची नावं, फोन नंबर द्यावे लागतात, आणि फॉर्मवर ज्याचं नाव तोच ओळखपत्र घेऊन हजर पाहिजे. तुमचं नाव टाकलं आणि ऐनवेळी मावशी गेली असं चालत नाही. तिकिटाच्या वर वेगळी फी लागते, सरळ थेट विमानच घ्या, मध्ये बदलायचं नको.

फी धरून जे होईल ते आणि मुलानं सोबत येऊन दुसऱ्या दिवशी परत जाणं, या दोन्हीचा आकडा काढून बघा. पण खरं सांगू, यात पैशापेक्षा नातवाला विचारणं महत्त्वाचं. तो म्हणत असेल मी येतो, तर येऊ द्या, कर्मचारी सोबत असतात आणि दहा वर्षांचं पोर सव्वा तासाचा प्रवास नीट करतं. नाही म्हणत असेल तर या वर्षी राहू द्या.

प्रश्न: पोरांना कधी ताप येईल सांगता येत नाही. नॉन-रिफंडेबल तिकीट घ्यावं की पैसे भरून फ्लेक्सी? मागच्या वेळी तिकीट रद्द केलं तर एजंट म्हणाला काहीच मिळत नाही. (नंदनवन)

उत्तर: 'काहीच मिळत नाही' हे खरं नाही ताई, आणि हे सगळ्यांनी वाचावं. तिकीट कितीही नॉन-रिफंडेबल असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचे यूडीएफसारखे (विमानतळ वापरण्याचे) आकार परत करावेच लागतात, प्रवासच झाला नाही तर ते घेणार कशाचे. कॅन्सलेशन चार्जसुद्धा मूळ भाडं आणि इंधन अधिभार याच्या वर लावता येत नाही. हे डीजीसीएच्या नियमात आहे. चौघांचं तिकीट असेल तर ही रक्कम सोडून देण्याएवढी लहान नसते. एजंटला तिकिटाचं ब्रेक-अप मागा, त्यात कर वेगळे लिहिलेले असतात, तेवढे परत मागा, लेखी मागा.

फ्लेक्सीचं, म्हणजे तारीख बदलायची मुभा असलेल्या महाग तिकिटाचं असं, जास्तीचे पैसे चौघांचे, जाऊन-येऊन, म्हणजे गुणिले आठ करून बघा. फ्लेक्सी माणशी ७०० नं महाग असेल तर चौघांचे जाऊन-येऊन ५,६०० झाले. साध्या तिकिटाची तारीख बदलायला माणशी दोन-तीन हजार आणि वर भाड्यातला फरक लागतो, चौघांचे दहा हजारांच्या वर सहज. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल, पाळणाघरात जात असेल, नेहमी सर्दी-तापाचं असेल तर फ्लेक्सी घेणं बरोबर, तेही फक्त जायच्या तिकिटाचं घ्या, यायचं साधंच असू द्या. दहा-बारा वर्षांची पोरं असतील तर मी नाही घेणार.

बुकिंग शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून करा, आणि प्रवासाच्या निदान आठवडाभर आधी. त्याचं कारण असं की तसं केलं तर बुकिंगनंतर निदान २४ तास तुम्हाला कोणताही दंड न लागता तिकीट रद्द करता येतं किंवा बदलता येतं, बदललं तर फक्त भाड्यातला फरक. नावातली चूकही तेवढ्या वेळात फुकट दुरुस्त करून मिळते, पोरांची नावं टाकताना ही चूक फार होते, घरचं नाव टाकलं जातं किंवा आडनाव राहतं. म्हणून तिकीट रात्री काढलं की सकाळी चहा घेताना परत उघडा आणि चौघांची नावं, जन्मतारखा, तारीख, विमानतळाचा कोड, सगळं एकदा मोठ्यानं वाचा.

आणि विमानच लेट झालं तर? डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यानं सकाळची विमानं रखडतात, अधिवेशनाच्या दिवसांत नागपूर-मुंबईची विमानं भरून जातात, तेव्हा हे लागेल. आपल्या नागपूरहून देशात जाणाऱ्या बहुतेक विमानांना अडीच तासांपेक्षा कमी लागतात, अशा विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं कंपनीनं द्यायचं असतं. सहा तासांच्या वर गेलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड तुमची. पोरं भुकेली असतील तर दोन तास झाले की लगेच काउंटरवर जा आणि बोर्डिंग पास दाखवून मागा.